गटाला सपोर्ट हवा होता: क्लास निवडतानाचा माझा अनुभव

जानेवारीत एका मित्राचा संदेश आला. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, आपापलं पात्र रंगवत टेबलाभोवती खेळायचा कथाखेळ. त्यांच्या गटात एक जागा रिकामी होती आणि नवी मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथा, एप्रिलमध्ये सुरू होणार होती. तिघांचे क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, आधीच ठरले होते: बार्बेरियन (दांडगा लढवय्या), रेंजर (माग काढणारा) आणि विझर्ड (जादूगार). चौथी मी. संदेशाच्या शेवटी एक ओळ होती, "सपोर्ट कुणीतरी घ्यायला हवं, तुला जमेल का बघ."

याआधी मी जे काही खेळले होते ते फायटर, म्हणजे सरळ लढणारा क्लास, घेऊन. त्यामुळे सपोर्ट, म्हणजे साथीदारांना बरं करणारी, मदत करणारी भूमिका, म्हटल्यावर पोटात गोळा आला. फायटरचा वार हुकला तर एक टर्न (खेळण्याची पाळी) वाया जाते. सपोर्टवाल्याचा अंदाज हुकला तर दुसऱ्या कुणाचं तरी कॅरेक्टर मरतं, आणि त्या कॅरेक्टरवर त्या माणसाने कित्येक महिने जीव लावलेला असतो. ही भीती मनात घेऊन कोरी कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहायचा तक्ता) समोर ठेवून बसलेल्या कुणाला उपयोग व्हावा, म्हणून जे जसं घडलं ते तसं लिहिते आहे.

सगळ्यात आधी मी डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) विचारलं, नियम कोणत्या वर्षाचे? पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०१४ चे आहेत आणि सुधारित नियम २०२४ चे. दोन्ही वरवर सारखेच वाटतात, पण सपोर्ट क्लासच्या बाबतीत बराच फरक पडतो. २०१४ च्या नियमांत पहिल्या पातळीचा क्युअर वूंड्स हा बरं करणारा स्पेल (मंत्र) १ डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक मॉडिफायर (पात्राच्या गुणावरून मिळणारी भर) इतके हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) परत देतो, २०२४ मध्ये तो २ डी८ झाला. हीलिंग वर्ड हा तसाच दुसरा स्पेल १ डी४ चा २ डी४ झाला. क्लेरिकला, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणाऱ्या पुरोहिताला, जुन्या नियमांत पहिल्याच लेव्हलला (पात्राच्या प्रगतीचा टप्पा) डोमेन (क्लेरिकचा उपप्रकार) निवडावं लागतं, नव्यात तिसऱ्या लेव्हलला. त्यामुळे वर्ष माहीत नसताना कुणाचाही "हा क्लास घे, तो घेऊ नको" असा सल्ला ऐकण्यात अर्थ नाही. डीएमने दोन्ही पर्याय तोलले आणि थोड्या दिवसांनी कळवलं: २०१४ चे नियम, फीट्स (खास जादा कसबं) चालतील, मल्टिक्लास (दोन क्लास मिसळणं) नाही, ॲबिलिटी स्कोअर (स्ट्रेंग्थ, विज्डम वगैरे सहा गुणांचे आकडे) ठरावीक संचातून, म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८. हे सगळं लेखी मागून घ्या. पुढे प्रत्येक निर्णयाला ते लागतं.

खर्चाचं म्हणाल तर क्लास ठरेपर्यंत मी काहीही विकत घेतलं नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा गाभा, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे. त्यात मूळचे बाराही क्लास आहेत, प्रत्येकाचा एक उपप्रकार आहे: क्लेरिकचं लाइफ डोमेन, गाण्यातून जादू करणाऱ्या बार्डचं कॉलेज ऑफ लोअर वगैरे. निर्णय घ्यायला एवढं पुरेसं होतं. फासे गटाकडे होतेच.

फेब्रुवारी वाचण्यात गेला. "गटात क्लेरिक हवाच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते आलं कुठून हे आधी शोधलं. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. जुन्या नियमांत जखमा आपोआप भरून यायला फार वेळ लागायचा, त्यामुळे क्लेरिक नसलेला गट लवकर अडचणीत यायचा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने भूमिकांना उघड नावं दिली आणि सपोर्टला "लीडर" म्हटलं. त्यात वॉरलॉर्ड नावाचा, जादू अजिबात न वापरता साथीदारांना उभं करणारा क्लासही होता. पाचव्या आवृत्तीत चित्र पालटलं. तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये प्रत्येक जण स्वतःचे हिट डाइस (स्वतःला बरं करायचे फासे) वापरून सावरू शकतो आणि लाँग रेस्टनंतर (रात्रभराची विश्रांती) सगळे हिट पॉइंट परत येतात. दोन लढायांच्या मधली मलमपट्टी हे आता एकट्या सपोर्टवाल्याचं काम उरलेलं नाही. हे वाचून माझ्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

मग लढाईच्या आत सपोर्टने करायचं काय? इथे मी वहीत गणितं मांडली, आणि कुणीही नवखी व्यक्ती मला विचारायला आली तर मी तिला हेच आधी मांडायला सांगेन. ओगर या राक्षसाचा एक फटका २ डी८ अधिक ४, म्हणजे सरासरी १३ हिट पॉइंटचा. पहिल्या लेव्हलच्या कॅरेक्टरचा क्युअर वूंड्स, मॉडिफायर ३ धरला तर, सरासरी साडेसात हिट पॉइंट परत देतो. त्यात माझी पूर्ण ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) जाते आणि दिवसाच्या दोन स्पेल स्लॉटपैकी (स्पेल टाकण्याच्या संधी) एक जातो. म्हणजे मी ओगरच्या मागे धावत राहिले तर दर राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न म्हणजे एक राउंड) मागेच पडणार. शिवाय या खेळात एक हिट पॉइंट उरलेला बार्बेरियन पूर्ण ताकदीच्या बार्बेरियनइतकाच जोरात मारतो. फरक पडतो तो शून्यावर आल्यावर.

आता ब्लेस हा स्पेल बघा. एक स्लॉट, तीन साथीदार, प्रत्येकाच्या प्रत्येक अटॅक रोलमध्ये (वार लागतो का ते ठरवणारा फासा) आणि सेव्हिंग थ्रोमध्ये (संकट टळतं का ते ठरवणारा फासा) १ डी४ ची भर, एकाग्रता टिकली तर एक मिनिट, म्हणजे दहा राउंड. गॉब्लिन या छोट्या शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५. आमच्या रेंजरचा अटॅक बोनस ५, म्हणून तिला डी२० वर (वीस बाजूंचा फासा) १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के. ब्लेस असेल तर साडेसदुसष्ट टक्के. हे तिघांना, दर टर्नला. शत्रू एक राउंड आधी पडला तर त्याचे जे फटके बसलेच नाहीत ते मला भरून काढावे लागत नाहीत. सपोर्ट म्हणजे इतरांच्या टर्न सुधारणं आणि बरं करणं हा त्यातला शेवटचा उपाय, हे मला या आकड्यांनी पटवलं. माझं हे मत आजही तसंच आहे.

यानंतर मी गटातल्या तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: "माझ्याकडून तुला काय मिळालं तर तुझं कॅरेक्टर जास्त चांगलं खेळता येईल?" उत्तरं मी जशीच्या तशी लिहून ठेवली आहेत. बार्बेरियनवाला म्हणाला, "रेज चढला की मला फटक्यांचं काही वाटत नाही. पण माझं विज्डम कच्चं आहे. कुणी माझ्या डोक्यात शिरलं तर मीच तुमच्यावर कुऱ्हाड उगारेन, ते थांबव." रेंजरवाली म्हणाली, "मी पुढे जाऊन टेहळणी करणार. माग काढताना, लपताना रोल थोडा वर नेता आला तर बघ." विझर्डवाला म्हणाला, "माझे हिट पॉइंट आठ आहेत. माझ्या शेजारी कुणीतरी उभं राहा, बस." एकानेही "मला बरं कर" असं म्हटलं नाही. क्लासची यादी उघडण्याआधी हा प्रश्न विचारलात तर निवड निम्म्याने सोपी होते.

माझ्या यादीत चार नावं होती.

ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आणि पॅलाडिन (देवभक्त योद्धा) लवकर गळाले. ड्रुइडकडे एन्टँगलसारखे मैदान अडवणारे सुंदर स्पेल आहेत, गुडबेरी आहे, पण वाइल्ड शेपने प्राण्याचं रूप घेतल्यावर त्या प्राण्यांचे आकडे सांभाळणं मला या घडीला नको होतं. पॅलाडिनचं ले ऑन हँड्स, म्हणजे लेव्हलच्या पाचपट हिट पॉइंटचा साठा, मला फार आवडला. सहाव्या लेव्हलला मिळणारा ऑरा ऑफ प्रोटेक्शन तर बार्बेरियनच्या मागणीला नेमकं उत्तर होता: दहा फुटांच्या आतल्या सगळ्यांच्या सेव्हिंग थ्रोला पॅलाडिनच्या करिझ्माचा मॉडिफायर. पण सहावी लेव्हल यायला किती महिने लागतील कोण जाणे. जो क्लास आज, पहिल्या लेव्हलला, काम देईल तोच बघायचा असं मी ठरवलं.

उरले बार्ड आणि क्लेरिक, आणि तिथे मात्र मी खरोखर अडकले.

बार्ड मला मनापासून हवा होता. बार्डिक इन्स्पिरेशन म्हणजे बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवायची छोटी कृती) साठ फुटांच्या आतल्या साथीदाराला एक डी६ द्यायचा. दहा मिनिटांच्या आत एका अटॅकला, ॲबिलिटी चेकला (लपणं, माग काढणं अशा कामाचा फासा) किंवा सेव्हला तो वापरता येतो. डी२० पडलेला बघून, पण डीएमने निकाल सांगण्याआधी, वापरायचं की नाही हे ठरवता येतं. रेंजरची मागणी पूर्ण, बार्बेरियनची बऱ्यापैकी. शिवाय गटात गोड बोलणारं कुणीच नव्हतं. अडचण एवढीच की करिझ्मा १६ असेल तर असे फासे तीनच, आणि पाचव्या लेव्हलपर्यंत ते फक्त लाँग रेस्टनंतरच परत मिळतात.

क्लेरिकच्या बाजूने एक गोष्ट होती जी नवख्यांना कुणी ठळक करून सांगत नाही. बार्डला पहिल्या लेव्हलला पहिल्या पातळीचे चार स्पेल येतात आणि लेव्हल वाढताना त्यातला एक बदलता येतो. क्लेरिक मात्र दर लाँग रेस्टनंतर आपल्या संपूर्ण यादीतून त्या दिवसाचे स्पेल नव्याने तयार करतो. आज न जमलेली निवड उद्या सकाळी बदलता येते. ज्याला अजून स्वतःची सवय ठाऊक नाही त्याच्यासाठी ही फार मोठी मुभा आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस सेशन झीरो, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बैठक, झालं. मोहिमेचा सूर, कोणते विषय नकोत, किती वाजता थांबायचं, हे सगळं त्यात ठरतंच. मी त्यात दोन मुद्दे मुद्दाम मांडले. पहिला: कुणाला उठवायचं, स्पेल स्लॉट कुठे वापरायचा, हा निर्णय माझ्या टर्नला माझा असेल. "मला गरज आहे" असं कुणीही म्हणावं, "आता मला हील कर" असा हुकूम नको. आणि कॅरेक्टर मेलंच तर तो गटाच्या लढाईचा निकाल मानायचा, माझ्या हिशेबाचा नाही. हे बोलताना आवाज थोडा कापला, पण तिघांनीही लगेच मान डोलावली. बार्बेरियनवाला तर म्हणाला, "मी पुढे पळालो तर ती माझी निवड." त्या वाक्याने मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. दुसरा मुद्दा: तिसऱ्या लेव्हलपर्यंत क्लास जमला नाही तर बदलण्याची मुभा. डीएमने ती दिली, फक्त कथेत जागा करायला एका सेशनची आगाऊ सूचना मागितली. नव्या क्लासला हात घालणाऱ्या प्रत्येकाने ही मुभा मागावी. बहुतेक डीएम ती आनंदाने देतात, कारण कंटाळलेला खेळाडू त्यांनाही नको असतो.

त्यानंतर डीएमला विनंती केली की खऱ्या मोहिमेआधी एक सरावाची लढाई घेऊया. सगळ्यांच्या वेळा जुळेपर्यंत मार्च अर्धा उलटला. तोवर मी बार्ड आणि क्लेरिक दोघांच्याही शीट पूर्ण भरून ठेवल्या. अर्धवट भरलेली शीट घेऊन सराव करू नका, कारण नेमका जो आकडा भरलेला नसतो तोच पहिल्या राउंडला लागतो.

दोन्ही वेळा तेच मैदान, तेच गॉब्लिन. आधी बार्ड घेऊन खेळलो. पहिल्याच राउंडला मी बार्बेरियनला इन्स्पिरेशन दिलं, आणि तो देताना खराखुरा डी६ त्याच्या हातात ठेवला. ही युक्ती जरूर वापरा. कागदावरची नोंद लोक विसरतात, हातातला फासा विसरत नाहीत. त्याच्या अटॅकची बेरीज आली १४. गॉब्लिनच्या १५ ला एक कमी. त्याने डी६ टाकला, आकडा पुरला, आणि टेबलावर जो ओरडा झाला तो माझ्या स्वतःच्या कुठल्याही वारावर कधी झाला नव्हता. तीन फासे संपल्यावर मात्र मी व्हिशस मॉकरी या टोमण्यांच्या साध्या स्पेलवर आले. विझर्डच्या शेजारी उभं राहायचं तर लेदर आर्मरमधला माझा आर्मर क्लास १३ होता. आम्ही दोघंही सारखेच नाजूक.

मग क्लेरिक. पहिल्या टर्नला तिघांवर ब्लेस टाकला आणि चेन मेल व ढाल घेऊन विझर्डसमोर उभी राहिले. आर्मर क्लास १८. त्यानंतर माझ्याकडून दिसण्यासारखं फारसं काही घडलं नाही. एका गॉब्लिनचा बाण लागला, एकाग्रता टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकावा लागला. किमान १० हवे होते, तेवढे मिळाले. ओरडा कुठलाच झाला नाही. पण लढाई संपल्यावर माझ्या लक्षात आलं की बार्ड खेळताना मी माझी टर्न कधी येते याची वाट बघत होते, आणि क्लेरिक खेळताना मी इतरांच्या टर्नमध्ये गुंतले होते. प्रत्येकाच्या रोलमध्ये माझा डी४ होता. कोण कुठे उभा आहे, कोणाकडे किती हिट पॉइंट उरलेत, पुढचा फटका कुणावर पडेल, हे सगळं मी न सांगता मोजत होते आणि मला त्यात मजा येत होती.

त्या रात्री क्लेरिक ठरला. दुसऱ्या कुणाला याच सरावातून बार्ड ठरेल, आणि तेही तितकंच बरोबर असेल. तुम्ही स्वतःच्या टर्नला काय करता त्यापेक्षा दुसऱ्याची टर्न चालू असताना तुमचं मन कुठे असतं हे बघा, एवढंच सांगेन.

आता शीटचा तपशील, कारण अडतं ते इथेच. हिल ड्वार्फ हा वंश घेतला: कॉन्स्टिट्यूशनला २, विज्डमला १, शिवाय दर लेव्हलला एक जादा हिट पॉइंट. विज्डम १६, कॉन्स्टिट्यूशन १६, स्ट्रेंग्थ १३. चेन मेल घालणाऱ्याची स्ट्रेंग्थ १३ पेक्षा कमी असेल तर त्याचा वेग कमी होतो. (ड्वार्फचा वेग मात्र जड चिलखताने कमी होत नाही, म्हणून ड्वार्फला ही अट आड येत नाही. इतर कुणाला पुढे प्लेट घालायचं असेल तर १५ लागते.) करिझ्मा १२, इंटेलिजन्स १०, डेक्स्टेरिटी ८. हिट पॉइंट १२. डोमेन लाइफ: जड चिलखताची परवानगी, आणि पहिल्या किंवा वरच्या पातळीच्या प्रत्येक हीलिंग स्पेलला २ अधिक स्पेलची पातळी इतकी भर. त्यामुळे माझा हीलिंग वर्ड १ डी४ अधिक ६ झाला. ब्लेस आणि क्युअर वूंड्स डोमेनमधून कायम तयार असतात, ते रोजच्या चारांत धरायचे नाहीत. पार्श्वभूमी अकोलाइट घेतली. त्यातून इनसाइट आणि रिलिजन ही दोन कौशल्यं मिळाली, म्हणून क्लासच्या दोन निवडी मेडिसिन आणि पर्स्वेजनसाठी मोकळ्या राहिल्या. बोलणारं कुणी नसलेल्या गटात पर्स्वेजनचा ३ बोनसही कामी येतो. कँट्रिप्समध्ये (स्लॉट न लागणारे साधे स्पेल) रेंजरसाठी गायडन्स घेतला: पुढच्या एका ॲबिलिटी चेकला डी४.

एका गोष्टीवर डीएमशी बराच वेळ बोलावं लागलं: हात. एका हातात ढाल, दुसऱ्यात गदा, मग हातवाऱ्यांचे स्पेल टाकायचे कसे? नियम असा आहे की देवचिन्ह ढालीवर कोरलं असेल तर ज्या स्पेलला सामग्री लागते त्याचे हातवारे त्याच हाताने करता येतात. ब्लेसला सामग्री लागते, म्हणून तो चालतो. क्युअर वूंड्सला फक्त शब्द आणि हातवारे लागतात, सामग्री नाही. त्यासाठी मोकळा हातच हवा. सेक्रेड फ्लेम या हल्ल्याच्या कँट्रिपचंही तसंच. हीलिंग वर्डला केवळ शब्द पुरतात. यावर तोडगा साधा निघाला: गदा पट्ट्याला अडकवलेली, उजवा हात रिकामा, लागेल तेव्हा टर्नमधली एक मोफत हालचाल वापरून ती काढायची. काही डीएम हा नियम बघतही नाहीत, काही काटेकोर असतात. आधीच विचारून घ्या, कारण ऐन लढाईत हा वाद निघाला तर खेळ थांबतो.

पूर्ण शीट, अर्ध्या पानाची पूर्वकथा आणि स्पेलची यादी डीएमला पाठवली. त्याने आकडे तपासले, देवतेबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मार्च संपता संपता मंजुरी दिली. आमच्या सामानात एक गोष्ट मी आग्रहाने सगळ्यांना घ्यायला लावली: हीलर्स किट. सोन्याची पाच नाणी, दहा वेळा वापर, शून्यावर आलेल्याला कुठलाही रोल न करता स्थिर करता येतं. हीलिंग पोशन पन्नास नाण्यांचं असतं, ते सुरुवातीला परवडत नाही. पण किट प्रत्येकाकडे असलं की "वाचवणारी एकटी मी" हे समीकरण मोडतं.

एप्रिलमधल्या पहिल्या खऱ्या लढाईत विझर्ड पडलाच. शून्यावर आलेल्याला दर टर्नला डेथ सेव्ह टाकावा लागतो: १० किंवा जास्त म्हणजे यश, तीन यशं म्हणजे स्थिर, तीन अपयशं म्हणजे मृत्यू. बेशुद्ध पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून फटका बसला तर तो क्रिटिकल (जबर फटका) धरतात आणि एकदम दोन अपयशं लागतात. त्याच्या शेजारी गॉब्लिन उभा होता. माझी छाती धडधडत होती, पण काय करायचं ते मार्चमध्येच ठरलेलं होतं. माझी टर्न नेमकी विझर्डच्या आधी होती. बोनस ॲक्शनमध्ये हीलिंग वर्ड टाकला. कमीत कमी सात हिट पॉइंट मिळणार होते आणि त्याचे एकूणच आठ. तो उठला आणि लगेच त्याची टर्न आली. उठायला अर्धा वेग खर्च होतो, तरी उरलेल्या वेगात तो मागे सरकला आणि तिथून त्याने फायर बोल्ट टाकला.

इनिशिएटिव्हचा क्रम कागदावर समोर ठेवा, तुमची टर्न कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर आहे ते सतत बघत राहा. पडलेल्याला त्याच्या टर्नच्या अगदी आधी उठवता आलं तर त्याची टर्न वाचते. आणि हेही लक्षात ठेवा की बोनस ॲक्शनचा स्पेल टाकला की त्या टर्नला दुसरा स्पेल कँट्रिपच असू शकतो. हीलिंग वर्ड आणि ब्लेस एकाच टर्नमध्ये होत नाहीत.

चेन मेलचा एक त्रास खरा निघाला: लपताना डिसॲडव्हान्टेज, म्हणजे रोलला तोटा. रेंजर आणि मी यावर तोडगा काढला. ती पुढे, मी बरीच मागे, आणि निघण्याआधी तिच्या खांद्याला हात लावून गायडन्स. त्याची मुदत एकच मिनिट असते, म्हणून हात लावल्या लावल्या तिने निघायचं.

दुसऱ्या लेव्हलला प्रिझर्व्ह लाइफ मिळालं: लेव्हलच्या पाचपट हिट पॉइंट तीस फुटांच्या आत वाटायचे, पण कुणालाही त्याच्या कमाल आकड्याच्या निम्म्यापर्यंतच. स्पेल स्लॉट लागत नाही आणि शॉर्ट रेस्टनंतर परत मिळतं. याच लेव्हलला रेंजरने गुडबेरी घेतला, म्हणजे एक हिट पॉइंट देणाऱ्या दहा बेरी. बेशुद्ध माणसाला बेरी भरवता येते का हे डीएमवर असतं, आमच्याकडे चालतं.

तिसऱ्या लेव्हलला डीएमने स्वतःहून आठवण करून दिली, "बदलायचंय का?" मी पुढच्या सेशनपर्यंत वेळ मागितला आणि प्रामाणिकपणे विचार केला. बार्डचा तो ओरडा अजून आठवत होता. पण याच लेव्हलला एड हा स्पेल हाताशी आला, तिघांचे कमाल आणि चालू हिट पॉइंट आठ तासांसाठी पाचाने वाढवणारा, तोही एकाग्रतेशिवाय. आणि डोमेनमधून स्पिरिच्युअल वेपनही आला, ज्याने मलाही वार करण्याचा आनंद परत मिळाला. फक्त तो वार आणि हीलिंग वर्ड दोन्ही बोनस ॲक्शनच मागतात, म्हणून दर टर्नला निवड करावी लागते. मी क्लेरिकच ठेवला.

नुकतीच आम्ही पाचवी लेव्हल गाठली. आता रिव्हिव्हिफाय आहे: मृत्यूला एक मिनिट उलटायच्या आत स्पर्श केला तर माणूस एका हिट पॉइंटवर परत येतो. त्यासाठी तीनशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि स्पेल टाकला की तो नाहीसा होतो. हा खर्च क्लेरिकने एकट्याने करायचा नसतो, हे दुसऱ्या लेव्हललाच बोलून घ्या. आम्ही तेव्हापासून प्रत्येक लुटीचे पाच वाटे करतो: चार आमचे, पाचवा हिऱ्याचा. पहिला हिरा गेल्या सेशनला घेतला. नोंद विझर्डच्या वहीत असते, हिरा माझ्याकडे असतो, आणि मी पडले तर तो वापरणारं दुसरं कुणी गटात नाही. म्हणून मोठ्या शहरात पोचल्यावर रिव्हिव्हिफायची एखादी स्क्रोल (स्पेल लिहिलेली गुंडाळी) मिळते का आणि ती आमच्यापैकी कुणाला वाचता येईल, हे डीएमला विचारायचं ठरलं आहे.